इंदुआक्काचा तुटणारा दोरा

मी दोरे विकतो. रामनगरच्या बाजारात, बसस्टँडकडून येताना डाव्या हाताला तिसरं दुकान माझं. शिवणयंत्राची रिळं, फॉल, अस्तर, बटणं, हुक, लेस, सगळं मिळतं. आजोबा खानापुराहून इथं आले तेव्हापासून दोऱ्यातलं आमच्याइतकं कुणाला कळत नाही अशी आमच्या घराची समजूत आहे, आणि मीही ती बरीच वर्षं मिरवली. म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्या दुकानाच्या पायरीला लागून इंदुआक्का बसते, आणि गेल्या बावीस वर्षांत तिनं मोत्यांसाठी माझ्याकडून एक वीतभर दोरासुद्धा घेतलेला नाही.

इंदुबाई तिचं नाव. बाजारात सगळे इंदुआक्का म्हणतात. पटवेकऱ्याचं काम करते, म्हणजे मणी आणि मोती रेशमात ओवून, गाठवून दागिना तयार करून देते. मंगळसूत्रं, बाळांच्या काळ्या मनगट्या, ठुशी, चिंचपेटी, कधीमधी एखादा मोत्याचा सर. वय सदुसष्ट-अडुसष्ट असेल, तिला विचारलं तर ती साठ सांगते. अंगानं काटकुळी, तोंडानं तिखट. सोळाव्या वर्षी लग्न होऊन इथं आली. नवरा रामचंद्र कॅसलरॉकला रेल्वेच्या गँगमध्ये होता, आणि पिढीजात धंदा असूनही दोरा हातात आला की त्याचा गुंता करणारा माणूस. सासूनं महिनाभर पाहिलं, मुलाकडून टोचा काढून घेतला आणि सुनेच्या हातात दिला. आता सासूही नाही आणि रामचंद्रही नाही. टोचा आहे.

हा टोचा म्हणजे म्हशीच्या शिंगाचा, बोटभर लांब, टोकाला बारीक आणि वापरून वापरून काळाभोर चकचकीत झालेला. मोत्याजवळ गाठ सरकवायला तो लागतो. दोऱ्याची सैल गाठ मारायची, टोच्याचं टोक गाठीच्या पोटात घालायचं, आणि गाठ मोत्याला चिकटेपर्यंत ढकलत न्यायची. मग टोचा काढून घ्यायचा. मी एकदा तिला नवाकोरा स्टीलचा टोचा आणून दिला, फुकट दिला. तिनं तो दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाली, "ह्यानं तुझ्या बायकोची चप्पल शीव. पोलाद मोत्याला ओरखडतं." नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पण नंतर बाजूला बसून मी एक खोटा मोती घेऊन स्टीलनं टोचून पाहिला, आणि चरा उमटला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तिची बाकीची हत्यारं एका सुपारीच्या डब्यात मावतात. बारीक पितळी तारेच्या सुया, त्या ती स्वतःच करते. तार दुमडून पीळ द्यायचा की वरच्या टोकाला आपोआप नेढं तयार होतं, आणि मोत्याच्या भोकातून जाताना ते नेढं दबून सपाट होतं. एक छोटी कात्री. डिंकाचा खडा, दोऱ्याचं टोक ताठ करायला. बैलाच्या शेपटीचे चार केस, कागदात गुंडाळलेले. ते कशाला ते पुढं येईलच. आणि रेशीम मात्र डब्यात नाही, घरी तांदळाच्या पिंपात. आमच्याकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको की जोयड्याच्या रानात चार महिने भिंतीलासुद्धा बुरशी येते. ओलसर रेशीम ताणलं जातं, आणि त्यावर ओवलेला सर उन्हाळा आला की सैल होऊन लोंबतो. म्हणून रेशीम तांदळात, आणि आषाढ लागला की मोत्याचं काम बंद. कुणीही येवो, अगदी लग्न तोंडावर असो. "दसऱ्याला या," एवढंच उत्तर.

गेल्याच्या आधीच्या वर्षी श्रावणात राखी आली तेव्हा तिलाही हेच उत्तर मिळालं.

राखी कॅसलरॉकच्या पलीकडच्या एका वाडीतली, कुणब्याची पोर. गणेशगुडीला एका लॉजमध्ये स्वयंपाकघरात काम करते. ती भर पावसात छत्री टाकून पायरीवर चढली आणि कमरेची पुरचुंडी सोडून इंदुआक्कापुढं ठेवली. आत नऊ मोती होते. मुगाएवढे, थोडे वेडेवाकडे, पिवळट झाक असलेले, भोकांपाशी काळवंडलेले. बरोबर काळ्या आणि तांबड्या मण्यांची मूठभर रास.

"माझ्या आवयचे हाईत," राखी म्हणाली. "बारा हुते. नऊ ऱ्हायले."

तिची आई फुलाबाई. त्या मोत्यांची गोष्ट राखीनं मग सांगितली. धरण व्हायच्या कितीतरी आधी, सुपा गाव जेव्हा पाण्याबाहेर होतं, तेव्हा फुलाबाईच्या आजीनं तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरचं पोर आपलं दूध पाजून वाढवलं होतं. पोराच्या आईला दूध नव्हतं. बारा महिने ही बाई आपलं पोर पाठीशी आणि दुसऱ्याचं पोर छातीशी घेऊन त्या घरी राहिली. महिना भरला की त्या घरची बाई आपल्या सरातला एक मोती काढून हिच्या हातावर ठेवायची. बारा महिन्यांचे बारा. घरात त्यांना दुधाचे मोती म्हणतात. पुढं सुपा बुडालं, ते घर गेलं, ती माणसं कुठं गेली देव जाणे. मोती मात्र आजीकडून आईकडं, आईकडून फुलाबाईकडं आले, आणि लग्नापासून ते तिच्या गळ्यातून उतरले नव्हते.

मग राखी आली त्याच्या दोन वर्षं आधी जुना दोरा झिजला. गावच्या जत्रेत मणी ओवून देणारा एक माणूस बसला होता, त्यानं पाच मिनिटांत सगळं तंगुसात ओवून दिलं. तंगूस म्हणजे तो मासे धरायचा पारदर्शक नायलॉनचा दोरा. मध्ये गाठ नाही, काही नाही. वर्षभरात उन्हानं तंगूस कडक झाला आणि रोपलावणीच्या चिखलात फुलाबाई वाकलेली असताना काडीसारखा मोडला. सगळं एकदम सांडलं. अख्खी वाडी दोन दिवस चिखल चाळत होती. नऊ सापडले.

"आता एक बी गेला तर आवय जेवायची न्हाई," राखी म्हणाली. "आक्का, असा दोरा घाला की जन्मात तुटायचा न्हाई."

इंदुआक्का मोती तळहातावर फिरवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तसला दोरा मी गळ्यात बांधत न्हाई."

"का वो?"

"मोती ऱ्हावा का मान ऱ्हावी? गळ्यातला दोरा तुटाय पायजे. कुठं अडकला, कुणी वढला, तर मान तुटायच्या आधी त्यो तुटाय पायजे. माझ्या सासूनं शिकिवलंय. तिला कुणी शिकिवलं मला ठावं न्हाई."

"आन मोती सांडलं की मग?"

"गाठी कशाला मारतो आम्ही? दर मोत्याच्या दोन्ही अंगाला गाठ. दोरा तुटला तर एक मोती जाईल. जास्तीत जास्त एक. बाकीचं आपल्या आपल्या जागी बसून ऱ्हातील." मग तिनं टोचा उचलला आणि माझ्या दिशेनं दाखवला. "एकाच्या जागी दोन गेलं, तर हा टोचा मी ह्या प्रशांतच्या बटणांच्या डब्यात टाकीन आन पुन्हा हातात धरणार न्हाई. त्यो साक्षीला हाय."

खरं सांगतो, मला त्या क्षणी गुदगुल्या झाल्या. बावीस वर्षांचा हिशोब होता माझा तिच्याशी. पण पोरीचं तोंड पडलेलं पाहून वाईटही वाटलं. तिला एक मोतीसुद्धा घालवायचा नव्हता, आणि ही म्हातारी तिला एक जाईल म्हणून सांगत होती. असं कुणी गिऱ्हाइकाशी बोलतं का?

राखी पुरचुंडी ठेवून निघाली तेव्हा मी तिला हळूच दुकानात बोलावलं. माझा मेहुणा संदीप गणेशगुडीला राफ्टिंगवर काम करतो. पाण्यात पडलेल्या माणसाकडं फेकायच्या त्यांच्या दोरखंडातला एक जुना तुकडा त्यानं मला आणून दिला होता. त्या दोरखंडाच्या पोटात पांढरे, केसासारखे बारीक धागे असतात. संदीप म्हणाला होता, "दाजी, ह्यातल्या एका धाग्याला लटकलो तरी तुटायचा न्हाई." मी त्याचे धागे सोडवून एक छोटं वेटोळं करून ठेवलं होतं. ते मी राखीच्या हातात ठेवलं.

"घरी ठेव," मी म्हणालो. "आक्काचा दोरा तुटला की मोती घेऊन सरळ माझ्याकडं ये. मी ह्यात ओवून देतो. तुझी नातवंडं म्हातारी होतील, पण हा तुटायचा नाही."

"बरं झालं बघा, अण्णा," ती म्हणाली आणि वेटोळं कनवटीला लावलं. मला फार बरं वाटलं. कुणाला तरी माझ्या दोऱ्याची किंमत कळली होती.

दसऱ्यानंतर आठवड्यानं इंदुआक्कानं काम काढलं. पाऊस गेला होता, ऊन कडक होतं, माझ्या दुकानात दुपारी माशीही फिरकत नव्हती. मी स्टूल बाहेर घेतलं आणि बघत बसलो. बावीस वर्षांत मी तिला असं सलग कधी पाहिलंच नव्हतं. सकाळी बसली ती एकच काम करत होती. बैलाच्या शेपटीचा केस घ्यायचा आणि एकेका मोत्यातून घालायचा. डोळे मिटून. मी विचारलं, "झोप लागली का आक्का?" तर म्हणाली, "गप. भोक बघाय लागलेय."

भोक ती केसानं पाहत होती. जुन्या काळी मोती हातानं विंधायचे, दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं. मधे जिथं दोन्ही भोकं भेटतात तिथं वाट अरुंद असते, कधी जरा वाकडी. केस तिथं अडखळला की तिच्या बोटाला कळायचं. नऊ मोत्यांतला सगळ्यात अरुंद कुठला हे शोधायला तिला जेवणाची वेळ झाली. तो तिनं वेगळा ठेवला. मी माझ्या परीनं हुशारी केली, "बारीक सुईनं भोक मोठं करून टाक की, झटक्यात होईल." ती माझ्याकडं असं बघायला लागली की मी बटणं मोजायला आत गेलो.

"मोत्याला हात लावायचा न्हाई," ती आतपर्यंत ऐकू येईल अशी म्हणाली. "दोरा बदलायचा. दोरा आपला असतोय, मोती आपला नसतोय."

दुसऱ्या दिवशी रेशीम आलं. बेळगावात शहापूरच्या एका विणकराकडून ती कच्च्या रेशमाची लड आणते, न रंगवलेली, न पिळलेली. त्यातल्या तारा ती एकेक करून सुटी करते. पाच तारा घेतल्या, मांडीवर तळहातानं पीळ दिला. मग तो दोरा दोन्ही करंगळ्यांना गुंडाळला आणि एक हिसका दिला. टप्पकन तुटला. मान हलवून बाजूला टाकला. मग सात तारा. पुन्हा करंगळ्यांना गुंडाळून हिसका. दोरा तुटला, पण त्याआधी तिच्या करंगळीवर लाल रेघ उठली. तोही बाजूला. मग सहा. तो तुटला आणि बोटावर नुसता एक ठसा राहिला, जो बघता बघता निघून गेला.

"ह्यो," ती म्हणाली. "रोजच्या कामाला टिकंल. आन वक्ताला तुटंल."

तेव्हा मला ते पहिल्यांदा नीट दिसलं. माझ्या दुकानातलं प्रत्येक रीळ मी ताणून दाखवतो, 'बघा, तुटत नाही' म्हणून विकतो. ही बाई दोरा कुठं तुटतो ते शोधत होती. कातडी कापायच्या किंचित आधी. अंदाजानं नाही, वजनकाट्यानं नाही, स्वतःच्या बोटाचं कातडं लावून. ते कबूल करायला नको म्हणून मी म्हणालो, "आक्का, पण सहा तारांचा दोरा भोकात ढिला बसेल. मोती हलत राहील, घासेल."

म्हटलं आता सापडली.

"सापडला की तुला मुद्दा," ती म्हणाली, आणि बावीस वर्षांत प्रथमच माझ्याकडं जरा कौतुकानं पाहिलं. खरोखरच अडचण तीच होती. भोक सात तारा मागत होतं आणि करंगळी सहाच देत होती. कमी तारा घेतल्या तर मोती डुगडुगणार, आणि डुगडुगला की भोकाची कड दोऱ्याला कापत जाणार. मी बघत राहिलो आता ही काय करते ते. तिनं सहा तारा घेतल्या, मांडीवर ठेवल्या आणि तळहात अगदी हलका फिरवला. पीळ सैल ठेवला. सैल पिळाचा दोरा अंगानं फुगीर राहतो, तार तेवढीच पण जाडी जास्त. तिनं टोकाला डिंक लावला, ते तिरकं कापलं, अरुंद मोत्यात घातलं. दोरा आत जाताना दबला आणि आत जाऊन पुन्हा फुलला. मोती उलटा धरला तरी घसरला नाही.

  दोऱ्याच्या धंद्यात वाढलेला माणूस मी, पीळ सैल-घट्ट करून एकाच दोऱ्याकडून भोकाचं आणि मानेचं अशी दोन्ही कामं घेता येतात हे मला पन्नाशीत कळत होतं. त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? आक्का हाय ती." जणू हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि मीच तेवढा बाहेर होतो.

पुढं दोन दिवस तो दोरा खिळ्याला टांगून, खाली पितळी मापटं बांधून ठेवला होता. जेवढा ताणायचाय तेवढा आधीच ताणू दे म्हणून. मग ओवणी. मोती, गाठ, टोचा. सहा काळे मणी, दोन तांबडे, पुन्हा गाठ, मोती, गाठ. प्रत्येक गाठ मारून झाली की ती मोती नखानं हलवून पाहायची. एक गाठ कणभर दूर राहिली, तर तिनं ती सोडवली नाही, तिथपर्यंतचं सगळं कापून टाकलं आणि नव्या दोऱ्यानं पहिल्यापासून सुरू केलं. अडीच दिवसांचं काम होतं ते. मी असतो तर तेवढी जागा मणी सरकवून झाकली असती.

राखी येऊन पोत घेऊन गेली. जाताना मला डोळ्यानं खूण केली, वेटोळं आहे घरी, अशी. मी मान हलवली. आता मनात थोडी चुळबूळ होती, नाही असं नाही, पण दिलेलं परत मागायला लाज वाटली. शिवाय आतून एक हट्ट होताच. म्हटलं बघू तरी, म्हातारीचा शब्द खरा होतो का.

वर्ष गेलं. सव्वा वर्ष.

यंदा संक्रांतीच्या आधी चार दिवस, सकाळच्या बसमधून राखी उतरली आणि तिच्यामागून एक सावळी, हाडापेरानं मजबूत बाई उतरली. गळ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. फुलाबाईला मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या दोघींना बघितल्याबरोबर माझ्या लक्षात आलं की दोरा तुटलाय. इंदुआक्काच्याही आलं. तिनं हातातली मनगटी खाली ठेवली.

राखी पायरीवर बसायच्या आधीच सांगायला लागली. म्हशीच्या नाकात जळू गेली होती. आमच्या रानातल्या ओढ्यांवर हे नेहमीचंच. जनावर पाणी प्यायला तोंड लावतं आणि जळू नाकात चढते. फुलाबाई ओढ्यात उतरून, म्हशीचं तोंड काखेत दाबून, मिठाची बोटं नाकात घालत होती. जळू चावली असेल किंवा मीठ झोंबलं असेल, म्हशीनं मान उडवली. वाकड्या शिंगाचं टोक फुलाबाईच्या पोतीत घुसलं आणि म्हशीनं पुन्हा हिसका दिला, ह्या खेपेला सगळ्या ताकदीनं, आणि उधळून ओढा ओलांडून पळाली.

"मी काठावर हुते," राखी म्हणाली. "आवयचे पाय पाण्यातनं वर उचललेले बघितले मी. आन मग ती धपकन पाण्यात बसली. म्हस फुडं गेली आन आवय मागं ऱ्हायली."

 राखीनं पदराची गाठ सोडायला घेतली, पण इंदुआक्कानं हात आडवा केला.

"ते मागनं. आधी मान दाखीव."

फुलाबाईनं फडकं सोडलं. गळ्याच्या डाव्या अंगाला एक तांबूस रेघ होती, चार बोटं लांब. कातडं फाटलेलं नव्हतं. इंदुआक्कानं आपली करंगळी त्या रेघेवरून हलकेच फिरवली, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मोत्यात केस घालताना मिटले होते तसे तिनं डोळे मिटले होते. मग म्हणाली, "दोन दिसांत जाईल. खोबरेल लाव." आणि तेवढं बोलून तिनं पदरानं तोंड पुसलं. बावीस वर्षांत मी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. पाहिलं ते असं.

"आता सोड," ती म्हणाली.

राखीनं पुरचुंडी उघडली. पोत तुटून लांब झाली होती. काळे-तांबडे मणी बरेच फुटलेले. मी स्टूल सोडून पुढं झालो आणि बोटानं मोजायला लागलो, कारण साक्षीला मी होतो. एक, दोन, तीन. प्रत्येक मोती आपल्या दोन गाठींमध्ये तसाच बसलेला होता, जणू काही झालंच नव्हतं. सात, आठ. आणि टोकाला दोरा कुठं तुटला होता ते स्पष्ट दिसत होतं. एक गाठ, तिच्यापुढं कणभर रेशीम, कुंच्यासारखं फुललेलं. नववा मोती जिथं होता तिथंच, त्याच्या पोटात, दोरा तुटला होता.

एक. जास्तीत जास्त एक, असं ती म्हणाली होती. मी आठ मोती बोटाखाली धरून तसाच बसलो. हात जोडावेसे वाटत होते आणि जोडता येईनात, इतकी वर्षं मी हिची टिंगल केली होती.

"शिंगानंच गाठी मारल्या आन शिंगानंच दोरा तोडला," इंदुआक्का टोचा हातात घेऊन स्वतःशीच म्हणाली. मग तिनं फुलाबाईकडं पाहिलं. "एक गेला तुझा. जेवतीस न्हवं?"

 फुलाबाई हसली. "जेवतोय की. वढ्यात दोन दीस हुडकला, गावला न्हाई. मग म्हणलं, ऱ्हाऊ दे. आजीच्या दुधाचा मोती त्यो. पंधरा वर्सं त्या म्हशीचं दूध खाल्लं आमी, तिला कोण काय दिलंय? एक तिचा."

 इंदुआक्कानं आठ मोत्यांचा तुटका सर आपल्याकडं ओढला, सुपारीचा डबा उघडला आणि बैलाच्या शेपटीचा केस काढला. काम पुन्हा पहिल्यापासून. आठ मोत्यांत आता सगळ्यात अरुंद कुठला, तिथपासून.

राखी उठून माझ्या दुकानाच्या फळीपाशी आली. कनवटीतून तिनं ते पांढरं वेटोळं काढलं आणि बटणांच्या डब्याशेजारी ठेवलं. मी दिलं होतं तसंच होतं, गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"हे तुमचं तुमाला, अण्णा," ती म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या गेल्या नव्हत्या अजून, पायरीवरच बसल्या होत्या. मी वेटोळं सोडलं, हातभर धागा घेतला, इंदुआक्कासारखा दोन्ही करंगळ्यांना गुंडाळला आणि हिसका दिला. काही झालं नाही. मग फळीला पाय लावून सगळ्या जोरानं दिला. डाव्या करंगळीचं कातडं उघडलं आणि रक्त धाग्यावरून काउंटरवरच्या कापडावर ठिबकलं. मी आणखी एकदा ओढला.

धागा तुटला नाही. समोर फुलाबाई गळ्याला पुन्हा ओलं फडकं गुंडाळत बसली होती.